भट्टीकडे वळणारी बस

चौदा वर्षं मी आमच्या पोरांना हरायला घेऊन गेले.

सोमवार ते शुक्रवार मी सोलोमन बेंडच्या शाळेची पिवळी बस चालवते. नोव्हेंबर उजाडला की शनिवारी इझेल कॉलेजची पांढरी बस माझ्या हातात यायची. मागे बास्केटबॉल संघाची तेरा उंच पोरं, पुढच्या बाकावर कोच बकली, आणि आम्ही निघायचो मोठ्यांच्या घरी, म्हणजे बड्या विद्यापीठांकडे. त्यांच्या पंधरा हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या लखलखत्या दिव्यांखाली, त्यांच्या पोरांचा हंगाम सुरू होण्याआधी हात साफ व्हावा म्हणून. तीस-चाळीस गुणांनी हरायचं आणि त्याबद्दल आमच्या कॉलेजनं चेक घ्यायचा. त्या चेकवर मुलींचा संघ चालायचा, पळणाऱ्या पोरांना बूट यायचे, भट्टीच्या छपराला ठिगळ लागायचं.

भट्टी म्हणजे आमचा हॉल. कागदोपत्री त्याचं नाव पिट्स हॉल. पण मिसिसिपीच्या काठावर, विटांच्या भिंतीत, दोन हजार माणसं मांडीला मांडी लावून बसली की भिंतींनाही घाम फुटतो. म्हणून भट्टी.

मोठ्यांच्या घरी आमची बस मागच्या गेटाला लागायची, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. सामना संपला की त्यांचा एक माणूस पुठ्ठ्याचे पंधरा खोके आणून बसच्या पायरीवर ठेवायचा. आत एक सँडविच, एक सफरचंद. हात मिळवून झाले की कोच बकली समोरच्यांना दरवर्षी एकच वाक्य म्हणायचे, "पुढल्या साली तुम्ही या आमच्याकडे." आणि समोरचे दरवर्षी हसून म्हणायचे, "कोच, तुमच्याकडे आमची माणसं बसणार कुठं?" कोचही हसायचे. मग नदीचा पूल येईपर्यंत बसमध्ये कुणाशी बोलायचे नाहीत.

एकतीस वर्षं कोचनी ते वाक्य म्हटलं. त्यातली चौदा मी ऐकली.

ओडेल माझ्या बहिणीचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना लोरेटा गेली, तेव्हापासून तो माझाच. लहानपणी पिवळ्या बसमध्ये तो माझ्या मागच्या सीटवर बसायचा आणि चाकाच्या तालावर मी जी गाणी जुळवायचे, ती सगळ्या बसला ओरडून म्हणून दाखवायचा. पुढे तो सहा फूट पाच झाला आणि इझेलकडून खेळायला लागला. तिसऱ्या वर्षी, हॅलरन विद्यापीठाच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, त्यानं चौतीस गुण घेतले. आम्ही सहा गुणांनी हरलो. पण पंधरा हजार माणसं इतकी गप्प बसली होती, की आमच्या पोरांचे बूट लाकडावर घासल्याचा आवाज मला वरच्या रांगेत ऐकू येत होता.

त्या दिवशी पुठ्ठ्याचे खोके आले तेव्हा मी ते घेतले नाहीत. म्हणाले, "ठेवा, तुमच्याकडे कुणाला भूक लागेल."

*

मार्चमध्ये हंगाम संपला आणि पोर्टल उघडलं. ज्याला दुसऱ्या कॉलेजात जायचं त्यानं त्यात नाव टाकायचं, मग ज्याला हवा त्यानं बोली लावायची. ओडेलनं नाव टाकलं आणि चौथ्या दिवशी हॅलरनचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात होता. कॉर्बिन हेल त्याचं नाव. तो कोच नव्हता. आता कॉलेजच्या संघांनाही मॅनेजर असतात, खेळाडू आणायचे, पैसे ठरवायचे. गोरा, तिशीतला, बूट इतके स्वच्छ की माझ्या अंगणाची त्याला काळजी वाटत होती.

त्यानं माझा तळलेला मासा दोनदा वाढून घेतला, आणि मग रुमालाला हात पुसत आकडा सांगितला. वर्षाचे सहा लाख डॉलर.

मी वर्षाला तेवीस हजार कमावते. मी उठून चुलीवरचं भांडं उगाचच हलवलं.

"शुक्रवारी सांगतो," ओडेल म्हणाला.

"शुक्रवारी?" कॉर्बिननं भुवया उंचावल्या. "मित्रा, लोक असा आकडा ऐकला की माझा हात सोडत नाहीत."

"त्याचे हात माशानं बरबटलेत," मी म्हणाले. "शुक्रवारी या."

बुधवारी ओडेल भट्टीत गेला. मी दाराशी थांबले होते. कोच बकली स्वतः फरशी पुसत होते. तो माणूस सहासष्ट वर्षांचा, पण त्या लाकडावर दुसऱ्याचा हात चालू देत नाही.

"कोच, हॅलरनवाले आले होते."

"ठाऊक आहे. त्यांची गाडी गावात शिरली तेव्हा पेट्रोलपंपावरनं मला चार फोन आले."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी कोण म्हणणारा?" कोचनी काठीवर हनुवटी टेकवली. "पूर्वी पोरगं जातो म्हणालं की माझी सही लागायची. वर त्याला वर्षभर बाकावर बसून राहावं लागायचं. किल्ली माझ्या खिशात होती. आता तुझ्या खिशात आहे. खरं सांगू? खिसा हलका झाला, बरं वाटतं."

"तुमचा संघ मोडेल."

"तो दर वसंतात मोडतो. मी पुन्हा बांधतो. आणि आता एकच हंगाम राहिलाय माझा, मग मी आणि नदीतले मासे. तू जा. तुला अडवलं तर मी चोर ठरीन."

ओडेल बराच वेळ पाहुण्या संघाच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोच, इथं कुणी मोठं का नाही आलं कधी?"

"या हॉलला ज्यांचं नाव आहे त्या कोच पिट्सच्या काळात हॅलरनच्या दारातून आपल्या काळ्या माणसाला हातात झाडू घेऊनच आत जाता यायचं. पुढं दार उघडलं, पण यायचं-जायचं एकाच बाजूनं. त्यांना इथं यायची गरजच नव्हती, पोरा. त्यांना हवं असं आपल्याकडे काही नव्हतं."

ओडेलनं आपल्या दोन्ही पंजांकडे पाहिलं. त्याला सहाव्या वर्षापासून ओळखते मी. गाडी वळायच्या आधी जशी थोडी दबते, तसा तो दबला होता.

*

शुक्रवारी कॉर्बिन आला तो कागद घेऊनच.

"माझी एक अट आहे," ओडेल म्हणाला.

"गाडी? देऊ."

"सामना. हॅलरननं इझेलशी खेळायचं. भट्टीत."

कॉर्बिन हसला. कुणीच हसत नाहीये हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "हे माझ्या हातात नाही. वेळापत्रकाची समिती वेगळी, खेळांचे संचालक वेगळे, त्यांच्यावर अध्यक्ष…"

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा," मी म्हणाले. "फोन मागच्या अंगणात चांगला लागतो. कोंबड्यांना सांभाळा."

तो पाऊण तास कोंबड्यांत उभा होता. खिडकीतून मी बघत होते. आधी तो हातवारे करत होता, मग नुसता ऐकत होता, मग एका कोंबडीला पायानं हलकेच बाजूला सारत होता. आत आला तेव्हा त्याच्या बुटांना आमचं अंगण लागलं होतं.

"होईल," तो म्हणाला. "पण आमचा एक घरचा सामना जातो. त्या तिकिटांचं नुकसान कुठून तरी भरून काढावं लागेल. सहाचे साडेचार होतील."

ओडेल माझ्याकडे वळला. "मावशी, तू सांग. तू नको म्हणालीस तर नको."

आता खरं सांगते. त्या दोन दिवसांत मी चर्चच्या टेकडीवरचं विटांचं घर मनातल्या मनात विकत घेऊन टाकलं होतं. आमची गल्ली सखल. तीनदा पाणी घरात शिरलंय, लोरेटाचे फोटो मी वाळत घातलेत दोरीवर, कपड्यांसारखे. त्या टेकडीवरच्या घराला मी पडदेसुद्धा लावून झाले होते, पिवळे. साडेचार लाख काय कमी आहेत का, असं कुणी म्हणेल. पण करार एका वर्षाचा. पोराचा घोटा एकदा नीट मुरगळला की पुढल्या वर्षी हाच कॉर्बिन फोन उचलणार नाही. असल्या पोराचे दीड लाख म्हणजे त्याच्या म्हातारपणातली दहा वर्षं. ती मी एका दुपारच्या खेळापायी जाऊ देऊ? तोंडात 'नको' आला होता. अगदी दातांपर्यंत.

मग मला ते पुठ्ठ्याचे खोके दिसले. चौदा वर्षं, पंधरा-पंधरा खोके, बसच्या पायरीवर. आणि पुलापर्यंत गप्प बसणारे कोच.

"वजा करा," मी म्हणाले.

*

आठ दिवसांनी कागद आले. एक दोन कॉलेजांमधला, सामन्याचा. दुसरा ओडेलचा. सव्वीस वर्षं मी बसच्या थांब्यांचे कागद वाचते आहे. एक ओळ चुकली तर कुणाचं तरी लेकरू थंडीत उभं राहतं. म्हणून मी सामन्याचा कागद तसाच वाचला, ओळीवर बोट ठेवून. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

मी कॉर्बिनला फोन लावला. "इथं लिहिलंय, राज्यातल्या दोघांना सोयीच्या मैदानावर. हे काय?"

"मॅम, ती नेहमीची भाषा आहे. राजधानीत सुंदर हॉल आहे, सगळ्या सोयी. तुमच्या जवळपासच."

"दोन तास."

"जवळपासच म्हणायचं की ते."

"कॉर्बिन, माझ्या कामात जवळपास नावाचा थांबा नसतो. लेकरू जिथं उभं असतं तिथं बस थांबते. पत्ता घालायचा. आधी त्या कागदावर तुमच्या अध्यक्षांची सही, मग या कागदावर पोराची. पोर्टल अजून उघडं आहे आणि माझ्या अंगणात अजून दोघं येऊन गेलेत."

पलीकडे पेन उघडल्याचा आवाज आला. "सांगा पत्ता."

"पिट्स हॉल, चार नंबर, बांध रस्ता, सोलोमन बेंड." अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगतात तसं.

सही झालेला कागद इझेलच्या अध्यक्षांकडे गेला आणि त्यांनी तो कोचच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेवटच्या वळणावर बस थांबवली, तर पोरांच्या रांगेत कोच बकली उभे. हातात कागद. त्यांच्यापुढे एक चिमुरडी दप्तर सावरत चढली, मग ते चढले.

"मिस व्हर्लीन, हे तुमचं काम?"

"पोराचं. मी फक्त पत्ता सांगितला."

"त्याचे पैसे गेले असतील."

"गेले."

ते माझ्या मागच्या सीटवर बसले. ओडेल बसायचा तीच. गुडघे हनुवटीला लागले होते. शाळा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही आरशात बघितलं नाही. माणसाला एखादा रस्ता असा हवा असतो, की ज्यावर कुणी त्याच्याकडे बघत नाही. तेवढं मी देऊ शकत होते. चाकावर माझी बोटं आपोआप चालत होती:

*नदीकाठी माझं गाव, भट्टीला दारं दोन,*
*लेकरू गेलं एकातून, दुसऱ्यानं येईल कोण.*

*

नोव्हेंबरातला शनिवार. सामना दुपारी तीनला. सकाळी अकरालाच भट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या बायका पहाटेपासून तळघरात रांधत होत्या: मासे, पालेभाजी, मक्याचा पाव, पीचचं गोड. लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या काढल्या होत्या. मी बजावलं होतं, पुठ्ठ्याचं एकही भांडं दिसता कामा नये.

दीड वाजला, बस नाही. दोन वाजले, नाही. लोक दाराकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "येतायत कसले." सव्वादोनला गर्दीतून वाट काढत ओडेल आला, हॅलरनच्या निळ्या जर्सीत, धावत, धापा टाकत.

"मावशी, बस बांधाच्या वळणावर अडकलीय. ड्रायव्हर म्हणतो वळणार नाही. कॉर्बिन फोनवर आहे."

"चालत या म्हणावं. अर्धा मैल तर आहे."

"विम्यात बसत नाही म्हणतो. उघड्या रस्त्यावर संघ चालवायचा नाही. मी तसाच उतरून आलो. मावशी, करारात आहे म्हणे, पोचणं शक्य नसलं तर सामना रद्द."

ते कलम मी वाचलं होतं. वाचलं आणि पूर आठवला, म्हणून राहू दिलं. आमच्याकडे पुराचं कलम कुणी खोडत नाही. तीच माझी चूक. वळणाचं माझ्या मनातच आलं नाही, कारण मला ते वळण कधी अडलंच नव्हतं.

मी स्वयंपाकाचा एप्रन न सोडताच निघाले, ओडेल माझ्या मागोमाग.

पंचेचाळीस फुटांची बस, निळी, काचा काळ्या. तिचं नाक चर्चच्या भिंतीला आणि शेपूट पेकनच्या झाडाला लागायला आलेलं. कॉर्बिन कानाला फोन लावून फेऱ्या मारत होता, "…हो सर, प्रत्यक्ष अशक्य…" ड्रायव्हर खाली उतरून चाकं बघत होता, पिकल्या केसांचा, आमच्यातलाच. माझ्याकडे बघून थबकला.

"तुम्ही ती पांढरी बस," तो म्हणाला. "मागच्या गेटाची."

"आणि तुम्ही ते खोके आणणारे."

त्यानं मान खाली घातली. "मला सांगतील ते करतो, बाई."

"मग आता मी सांगते. किल्ली द्या."

"नियमात नाही बसत."

मी एप्रनच्या खिशातून परवाना काढून त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो उलटसुलट बघितला. मग कॉर्बिनच्या पाठीकडे बघितलं. मग पायरीवरून बाजूला झाला. "ब्रेक जरा वरच लागतो," हळूच म्हणाला.

बसमध्ये चौदा उंच पोरं, त्यांचे कोच आणि एक एप्रनवाली बाई. आमच्या वळणावर पुढून वळायचंच नसतं. कापसाच्या हंगामात ट्रकवाले काय करतात ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे: नाक सरळ पुढं काढायचं, मग शेपूट जिनिंगच्या आवारात उलटी घालायची आणि तिथून बांधावर सरळ. मी तेच केलं. आरशात पेकनची एक फांदी काचेला लाडानं चाटून गेली. मागून एक पोरगं पुटपुटलं, "ओडेल, ही कोण रे?"

"माझी मावशी," ओडेल म्हणाला. एवढंच. पण ते तो जसं म्हणाला, ते मी मरेपर्यंत जपीन.

मी बस मागच्या दाराला नेली नाही. भट्टीच्या पुढच्या दाराशी, पायऱ्यांना समांतर, एक हात अंतर ठेवून लावली. पायऱ्यांवर कोच बकली उभे होते, त्यांच्या एकुलत्या एक सुटात. दार उघडलं. हॅलरनचे कोच खाली उतरले. कोच बकलींनी हात पुढे केला. एकतीस वर्षांचं ते वाक्य आता म्हणायचं कारण नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "या. तुमची माणसं बसतील तिथं आमची माणसं सरकून घेतील."

*

आता आमच्या चर्चच्या डीकन पर्विसचं सांगते, कारण गावात अजून तेच सांगतात. डीकन भट्टीत तीस वर्षं माइकवर नावं पुकारतात. पाहुण्यांची नावं सपाट आवाजात, आपली गाऊन. ओडेलसाठी तीन वर्षं त्यांची एक हाळी ठरलेली होती, आणि लोकांचं उत्तरही. त्या दिवशी हॅलरनची नावं ते शिस्तीत वाचत होते, कागद नाकाशी धरून. चार नंबर. सात नंबर. मग अकरा आला, ओडेलचा, आणि डीकनच्या गळ्यानं डोळ्यांना विचारलंच नाही.

"नदीकाठचा, भट्टीत तापलेला, सांगा कुणाचा?"

आणि दोन हजार माणसांनी, जर्सी न बघता, एका श्वासात उत्तर दिलं, "आमचा ओडेल."

मग निळी जर्सी सगळ्यांना दिसली. डीकननी माइकवर हात ठेवला. पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. निळ्या जर्सीत ओडेल मधल्या रेघेपाशी उभा होता, आणि सवयीनं वाकून त्यानं लाकडाला हात लावला, इथली सगळी पोरं लावतात तसा. कोच बकली त्यांच्या बाकावरून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग भट्टी उठली. हॅलरनच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघत उठली. त्यांना कळलं नव्हतं काय झालं, पण बसून राहणं बरं दिसणार नाही एवढं कळलं होतं.

आम्ही नऊ गुणांनी हरलो. ओडेलनं आमच्याविरुद्ध तेवीस घेतले, आणि प्रत्येक बास्केटला चर्चच्या बायका आधी कण्हायच्या आणि मग हसायच्या. कुणाची मान खाली नव्हती. भट्टीच्या भिंतींना घाम फुटला होता आणि हॅलरनच्या कोचनी कोट काढून गुडघ्यावर ठेवला होता.

नंतर तळघरात सगळे एका लांब टेबलाला बसले. निळे, पांढरे, ओळखू येईनासे झाले. कॉर्बिननं मासा तीनदा घेतला. मी गोडाचं ताट घेऊन फिरत होते, ओठांवर ओळी आपोआप येत होत्या:

*नदीकाठी माझं गाव, वळणावर मोठी गाडी,*
*चाक आलं माझ्या हाती, भट्टीच्या दाराशी सोडी.*

हॅलरनचा ड्रायव्हर दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. आत यावं की नाही या विचारात.

"बाई," तो म्हणाला, "ती बस बाहेर कशी काढू मी?"

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, कोच बकलींच्या शेजारची, आणि ताटली ठेवली.

"आधी जेवा," मी म्हणाले. "बाहेर मीच काढून देते."